शाळा रिकामी करण्याबाबत

दि. ८ सप्टेंबर

लाडक्या सोनीस,

आईचा आशीर्वाद. झोप लागते, खाल्लेलं अंगी लागतंय, सगळं ठीक आहे, असं तू फोनवर म्हणालीस. तू म्हणालीस म्हणजे मी निम्मं खरं धरते. लहानपणी अंगात ताप असला तरी ‘बरी आहे’ म्हणत दप्तर उचलायचीस. जावईबापूंना माझा नमस्कार सांग. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं तेही कळव.

परवाचा फोन मधेच तुटला. मागे एवढी कुणाची पोरं रडतायत, असं तू विचारत होतीस. मी अजून शाळेतच आहे, असं सांगत होते आणि लाइन गेली. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. मदतसंस्थेची गाडी इथलं टपाल घेऊन जाते. मला पत्रच बरं पडतं. फोनवर तू माझ्या आवाजावरून भलतंच काहीतरी ताडतेस.

शाळेचं सांगते. भूकंपानंतर ‘काही दिवसांपुरती’ म्हणून माणसं वर्गांत आणून ठेवली, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. एकेका वर्गात चादरींचे पडदे लावून दोन-दोन कुटुंबं राहतात. सातवी ‘ब’मध्ये शिंपीमास्तर, त्यांची बायको, आई आणि शिलाई मशीन. पलीकडच्या पडद्याआड भाजीवाली मावशी आणि तिच्या दोन मुली. फळ्यावर अजून त्या दिवशीचा सुविचार आहे. तो पुसायला कुणाचा हात होत नाही. मुलांचे वर्ग मैदानातल्या तंबूत, आळीपाळीने. वारा सुटला की तंबू फडफडतो आणि गणिताचे सर घसा फाडून पाढे म्हणतात. वरच्या वर्गांना तर जागाच नाही. ती मुलं बाहेर भटकतात, काही कामाला लागली.

हे सगळे भाडेकरू. स्वतःचं घर पडलं त्याला सरकारकडून घरबांधणीची मदत तरी आहे. भाडेकरूचं घर पडलं की ते मालकाचं पडलं. आणि उभ्या राहिलेल्या घरांची भाडी अशी वाढलीत की विचारायचीसुद्धा सोय नाही.

आता शिक्षण खात्याचं पत्र आलंय. विषय: शाळा रिकामी करण्याबाबत. जानेवारीत नेहमीसारखी शाळा सुरू झाली नाही, तर आपली शाळा नदीपलीकडच्या शाळेत सामावून घेणार, शिक्षकांना कुठं कुठं वाटून टाकणार. नदीपलीकडे आपली पोरं जायची नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणजे मुख्याध्यापिका म्हणून मला इथल्या माणसांना ‘निघा’ म्हणायला हवं. म्हणणं काही चूक नाही. फक्त म्हणताना समोर बघावं लागतं.

खरं सांगते, अलीकडे मला भीती वाटते. कशाची ते नीट सांगता येत नाही. सकाळी नळाच्या रांगेत उभी असते, म्हणजे इथल्या बायकांबरोबर, आणि वाटतं, हे सगळं कुठल्या तरी एका दिवशी अचानक हलवतील आणि मी बघत राहीन. प्रयोगशाळेतल्या काचेच्या वस्तू मी वरच्या फळीवर चढवून ठेवल्यात. तिथं कुणी राहत नाही. कुटुंब असं कुणी राहत नाही.

आता तुझ्या येण्याबद्दल. बाळंतपणाला माहेरी यावंसं वाटणारच. पण नोव्हेंबरात इथं थंडी, रस्ते उखडलेले, प्रसूतिगृह अर्धंच चालू. तुझ्याकडे सगळ्या सोयी आहेत. घाईने तिकीट काढू नकोस. जरा विचार कर.

घराचं विचारलंस. घर उभं आहे. गॅलरीतली तुझी वेताची खुर्चीही होती तिथंच आहे.

तुझी,
आई


दि. २ ऑक्टोबर

लाडक्या सोनीस,

तुझं पत्र मिळालं. गॅलरीचा फोटो पाठव म्हणतेस. पाठवते गं. माझा फोन जुना झालाय, फोटो धूसर येतात. गणिताच्या सरांना सांगून काढून घेईन.

पाय सुजतायत म्हणून घाबरू नकोस, पण डॉक्टरांना दाखव. उशीवर पाय ठेवून निजत जा. तुझ्या वेळी मलाही अशीच सूज होती. तुझे बाबा त्यांच्या चपला मला घालायला द्यायचे आणि स्वतः घरात अनवाणी हिंडायचे.

इकडे बरंच घडलं. मदतसंस्थेचे साहेब, ज्यांना पोरं ‘ताडपत्री साहेब’ म्हणतात, त्यांनी सगळ्यांना बसमधून नवी छावणी दाखवायला नेलं. मीही गेले. गावाबाहेर, जुन्या धावपट्टीच्या माळावर. तंबू नवे, रांगेत ठोकलेले, पाण्याच्या टाक्या, संडास, सगळं व्यवस्थित. बघायला गेलं तर नाव ठेवायला जागा नाही. पण माळावर दुसरं काहीच नाही. झाड नाही, दुकान नाही. बस कधी येते विचारलं तर ‘येईल’ म्हणाले.

शिंपीमास्तर रांगेच्या टोकापर्यंत चालून आले. मग म्हणाले, “साहेब, जागा चांगली आहे. पण इथं मी कपडे कुणाचे शिवायचे?”

साहेब म्हणाले, “पहिले काही महिने आम्ही सगळं पुरवू ना.”

“तेच म्हणतोय. मला पुरवलेलं पुरे झालंय.”

साहेब माणूस वाईट नाही. तरुण आहे, घरापासून लांब आहे, झोप नाही. मास्तरांचं बोलणं त्याला लागलं, ते दिसलं मला. परतीच्या वाटेवर तो माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, “बाई, शाळा तुम्हालाच हवीय ना? मग तुम्हीच यांना समजवा.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला आणि महापालिकेच्या इंजिनिअरबाईंना शाळेत बोलावलं. बसायला जागा नव्हती, म्हणून तंबूतल्या पहिलीच्या बाकांवर बसवलं. दोघांचेही गुडघे हनुवटीला टेकत होते.

शाळेसमोरची पिवळी इमारत तुला आठवते ना, खाली औषधांचं दुकान असलेली? तिला भेगा पडल्यात, जिना तुटलाय, पाण्याची लाइन फुटलीय, पण ती पाडायच्या यादीत नाही. घरमालक एकटेच तळमजल्यावर राहतात, वरचे मजले बंद. मी म्हटलं, छावणीवर खर्च करण्यापेक्षा ती इमारत नीट करा. मालकांनी काही वर्षं जुन्याच भाड्याने ही माणसं ठेवावीत. मास्तरांचं गिऱ्हाईक याच गल्लीत आहे, भाजीवालीची टोपली याच कोपऱ्यावर बसते, पोरांची शाळा समोर. चालत जाऊन राहतील.

साहेब म्हणाला, “कल्पना चांगली आहे. पण आमचा पैसा आपत्कालीन मदतीचा. तंबू, पांघरुणं, पाणी. पक्क्या भिंतीला हात लावला की ते विकासाचं काम होतं. ते माझ्या अखत्यारीत नाही.”

मी इंजिनिअरबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “पक्क्या भिंतीचा पैसा आमच्याकडे आहे. पण आणीबाणी संपली असं जाहीर झाल्याशिवाय तो सुटत नाही. आणि शाळांमधून माणसं राहतायत तोवर संपली असं म्हणणार कसं?”

“म्हणजे माणसं निघाली की पैसा सुटणार,” मी म्हटलं, “आणि पैसा सुटला की माणसं निघणार.”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सोने, तुला खरं वाटणार नाही, दीड वर्ष ही दोघं याच गल्लीत कामं करतायत आणि एकमेकांशी धड बोलण्याची ही पहिलीच वेळ. साहेबाने इंजिनिअरबाईंचं कार्ड मागून घेतलं.

पण त्यातून निघालं काही नाही. दोघंही ‘वर विचारतो’ म्हणून गेले. वरचे काय म्हणतील ते देवाला ठाऊक. महिनाअखेरची तारीख दिलीय. त्या दिवशी बस येणार.

मी घरमालकांकडेही जाऊन आले. म्हातारे तिरसट म्हणून प्रसिद्ध. मला दारातच उभं केलं. म्हणाले, “भाडेकरू गेले तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. पुतण्या म्हणतो, विकून टाका. विकेन.” मग दार लोटता लोटता म्हणाले, “त्या शिंप्याचं मशीन मात्र वरच्या मजल्यावर नको. खडखडतं.” नाही म्हणणारा माणूस मशीन कुठं ठेवायचं त्याचा विचार करेल का? मी त्या एका वाक्यावर गेले काही दिवस तग धरून आहे.

तुझी एक ओळ मात्र मनातून जात नाही. ‘आई, कधीही फोन केला तरी तू शाळेतच असतेस. घरी कधी असतेस?’ काय सांगू, शाळेचं काम असतंच तेवढं. मुलांची, मोठ्यांची, नळाची, दिव्यांची भांडणं. कुणीतरी असावं लागतं.

तिकीट अजून काढलं नाहीस ना? नको काढूस. मी सविस्तर लिहीन.

तुझी,
आई


दि. २९ ऑक्टोबर

सोने,

तिकीट काढलं म्हणून तुझा निरोप आला. ते परत कर. आधी हे पत्र पूर्ण वाच, मग माझ्यावर काय रागवायचं ते रागव. जावईबापू जवळ असतील तेव्हा वाच.

आपलं घर नाही गं राहिलं.

गेल्या आठवड्यात पाडलं. उभं आहे असं मी लिहिलं होतं, ते तेव्हा खरं होतं. उभं होतं, पण दारावर लाल फुली होती, आणि ती फुली भूकंपानंतरच्या पहिल्या महिन्यातली. तेव्हापासून मी शाळेत राहते. प्रयोगशाळेत. कपाटामागे माझी गादी आहे, सांगाडा दाराशी उभा करून ठेवलाय. पोरं सांगतात की हेडबाईंनी राखणदार ठेवलाय. तुझ्या फोनवर रडणारी पोरं माझ्या शेजारची होती. नळाच्या रांगेतली एक बाई मी होते.

का नाही सांगितलं? सुरुवातीला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत दुरुस्ती होईल, कशाला पोरीच्या जिवाला घोर. तसंच वर्ष गेलं, मग तुला दिवस गेल्याचं कळवलंस. त्याच पत्रात ‘बाळंतपणाला माझ्या खोलीत येणार’ म्हणून लिहिलंस. तुला खोली नाही, हे वाक्य मी कितीदा लिहायला घेतलं. हात पुढे जाईना. आणि दुसरंही आहे, ते लिहूनच टाकते. सगळा दिवस मी या माणसांना मुख्याध्यापिका म्हणून भेटते. ‘तुम्ही लोक’ म्हणते. त्यांनी कधी तोंडावर म्हटलं नाही की बाई, तुम्हीही आमच्यातल्याच. त्यांना ठाऊक होतं, सगळ्यांना. साहेबाला तेवढं ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, मी पहाटे येते आणि उशिरा जाते.

पाडायच्या दिवशी मी गेले होते. आत जायला बंदी होती, पण इंजिनिअरबाईंनी स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं आणि म्हणाल्या, पटकन काय हवं ते घ्या. मी गॅलरीपर्यंत गेले. खुर्ची उचलली आणि परत ठेवली. ठेवणार कुठं? बाबांचा चष्मा, तुझं प्रगतिपुस्तक आणि स्वयंपाकघरातली मोठी कढई घेतली. कढई का घेतली ते विचारू नकोस. हाताला लागली.

बाहेर आले तेव्हा इंजिनिअरबाईंनी विचारलं, “बाई, मग तुम्ही राहता कुठं?”

“शाळेत.”

“शाळेत म्हणजे?”

“शाळेत म्हणजे शाळेतच.”

यंत्र सुरू झालं. गॅलरी आधी गेली. धूळ बसेपर्यंत त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या, मग म्हणाल्या, “तुमच्या दारावर फुली मीच मारली होती. आत कोण राहतं ते पुढे पाहायचं असतं, असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. फुली मारली की आमचं काम संपतं.”

मी म्हटलं, “आणि तुमचं संपतं तिथं ताडपत्री साहेबांचं सुरू होतं. आणि त्यांचं संपतं तिथं कुणाचंच सुरू होत नाही.” रागाने नाही म्हटलं. दमले होते.

काल बस आली. बसबरोबर दोन पोलीसही होते. ते सभ्यपणे वागले, सामानाला हात लावला त्यांनी. वरून उत्तर आलं नव्हतं, मुदत संपली होती. मी फाटकाशी किल्ली घेऊन उभी. निम्मी कुटुंबं निघाली. थंडी तोंडावर, उगाच झगडा कशाला, असा त्यांचा हिशेब. निम्मी म्हणाली, आम्ही हलणार नाही. कुणालाच दोष देता येत नव्हता.

भाजीवाली मावशी निघाली. दोन्ही मुलींना बसमध्ये चढवलं, स्वतः परत खाली उतरली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, “बाई, तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर. आमच्या तंबूत जागा करू.”

साहेब हसला. त्याला वाटलं, मावशी प्रेमाने गंमत करतेय. पण दुसरं कुणी हसलं नाही. त्याने मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातला नावांच्या यादीचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

“बाई, तुमचं घर?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “मंगळवारी पाडलं.”

तो बसच्या पायरीवर बसला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तरी उठला नाही. मग म्हणाला, “आज जे जातात ते जाऊ देत. उरलेल्यांची बस मी आज बोलावत नाही. मला थोडे दिवस द्या.” हे त्याने कुणाला सांगितलं कोण जाणे. पोलिसांना, की मला, की स्वतःलाच.

मावशी गेली. तिच्या मुली मागच्या काचेतून हात हलवत होत्या. थोरली सातवीतली, गणितात हुशार. छावणीत शाळा नाही. हे मी थांबवू शकले नाही. रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

आता सगळं खरं लिहिलंय. तुला ये म्हणवत नाही, येऊ नको म्हणतानाही जीव जातो. स्वतःला जप.

आई


दि. १६ डिसेंबर

माझ्या सोन्या,

तुझं पत्र वाचलं. तू रागवली नाहीस, त्याने मी जास्त रडले. ‘आई, मला खोली नको होती, तू हवी होतीस’ असं लिहिलंस. एवढं साधं मला समजायला हवं होतं. मग फोनवर तू काहीच बोलली नाहीस, नुसती श्वास घेत राहिलीस, आणि मीही. चालेल. तेही बोलणंच.

रक्तदाबाचं मात्र मला आवडलं नाही. तिकीट परत केलंस ते बरंच झालं, डॉक्टर विश्रांती सांगतात तर विश्रांती घे. पुस्तकं मांडून बसू नकोस.

आता ऐक. पिवळी इमारत झाली.

म्हणजे सगळी नाही. पहिले दोन मजले झाले, वरचं काम चालू आहे. सोपं गेलं नाही. साहेब आणि इंजिनिअरबाई पुन्हा त्याच बाकांवर बसले, या वेळी मी न बोलावता. साहेबाने त्याचे नियम आणले, त्यांनी त्यांचे. आणि शाळकरी पोरं एकमेकांच्या वहीत डोकावतात तसे दोघं दुपारभर बसले. खिडक्या, दारं, पाण्याची लाइन, शेगड्या, हे हिवाळ्यातली मदत म्हणून साहेबाच्या नियमात बसलं. खांबांना बळकटी देणं हे धोका टाळण्याचं काम म्हणून पालिकेच्या नियमात बसलं, त्याला आणीबाणी संपायची वाट बघावी लागत नाही. आणि भाड्याचा चार वर्षांचा करार पालिकेने स्वतःच्या देखरेखीखाली घेतला, म्हणजे साहेबाची संस्था उद्या गेली तरी मालकाला माणसं काढता येणार नाहीत.

जिन्यावर सगळं अडलं. जिना मदतीत बसेना आणि सुरक्षेतही बसेना. साहेब म्हणाला, तुमचा. इंजिनिअरबाई म्हणाल्या, तुमचा. दोन दिवस असेच गेले आणि मला वाटलं, संपलं. बाकी सगळं जमलं, आणि आता जिन्यापायी माणसं माळावर जाणार. जेवण जाईना मला.

शेवटी मी घरमालकांना घेऊन आले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जिना मी करतो.”

पुतण्या म्हणाला, “काका, विकायची आहे ना इमारत?”

“तू विक मी गेल्यावर. मला वरच्या माणसांशी भांडायला जायचं असेल तर चढू कसा?”

अशी ती इमारत झाली. मास्तरांचं मशीन तळमजल्यावर, मालकांच्याच पुढच्या खोलीत. दोघं दिवसभर वाद घालतात. मशीन बंद पडलं की म्हातारेच विचारायला येतात, आज काय झालं.

भाजीवाली मावशीचं अजून झालेलं नाही. वरच्या मजल्याचं काम संपलं की छावणीतल्या माणसांना आधी द्यायचं, असं साहेबाने लेखी दिलंय. पण त्याची बदली झालीय. नवा माणूस येणार आहे आणि तो कसा असेल माहीत नाही. इंजिनिअरबाई म्हणतात, मी आहे. मी त्यांच्यावर भरवसा ठेवलाय, दुसरं करणार काय. थोरली मुलगी आठवड्यातून दोनदा बसने येते. गणिताचे सर तिला संध्याकाळी शिकवतात आणि मास्तरांच्या घरी ती मुक्काम करते. हे पुरेसं नाही. ते मला माहीत आहे.

आता माझं. खोल्या वाटायच्या वेळी मी माझं नाव दिलं नाही. लाज वाटली म्हण, किंवा अजून तो हेडबाईचा ताठा गेला नव्हता म्हण. माझ्यामुळे कुणी माळावर जावं, हे सहन झालं नसतं. मास्तरांची बायको फारशी बोलत नाही. ती आली, माझी गादी गुंडाळली आणि म्हणाली, “आम्हाला दोन खोल्या मिळाल्यात. आम्ही एकीत मावतो. दुसरीत सासूबाई आणि तुम्ही. त्या घोरतात, आधीच सांगते.”

मी म्हटलं, “अगं, तुम्हालाच अडचण होईल.”

“बाई, वर्गात चादरीच्या पलीकडे दुसरं कुटुंब होतं. आता भिंत आहे.”

त्यांना माझ्या वाट्याचं भाडं घ्यायला लावलंय, तेवढं मी सोडलं नाही. आजी घोरतात, अगदी मनापासून. खिडकीतून शाळा दिसते. वर्ग आता रिकामे आहेत. भिंतींना चुना लावला. सातवी ‘ब’चा फळा मी पुसला. मैदानातला तंबू उतरवताना पोरांनी आरडाओरडा केला आणि मी कुणाला दटावलं नाही. पाच जानेवारीला शाळा भरणार. घंटा मी वाजवावी, असं सगळे म्हणतात.

मी वाजवणार नाही. मी रजेचा अर्ज दिलाय.

इतक्या वर्षांत मी एवढी मोठी रजा कधी घेतली नव्हती. खात्यातल्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा करून बघितला. ऐन शाळा सुरू होताना, असं म्हणाला. मी म्हटलं, हो, ऐन तेव्हाच. गणिताचे सर शाळा सुरू करतील. आवाज त्यांचाच मोठा आहे.

एक गोष्ट तुला सांगायचीच राहिली. तू गेल्या वर्षी विचारलं होतंस, ‘मी येऊ शकत नाही तर तूच का नाही येत?’ मी शाळेचं कारण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. प्रयोगशाळेतला तो कपाटामागचा कोपरा सोडून मी गेले असते, तर परत आल्यावर तो माझा राहिला असता की नाही, याची मला रोज भीती होती. सामान तिथं, पण जागा माझी नाही. दीड वर्ष मी शहराबाहेर एक मुक्कामसुद्धा केला नाही. लोकांना वाटलं, बाईंची शाळेवर किती निष्ठा. ज्याला परतायला हक्काची जागा नाही त्याला कुठं जाताच येत नाही गं, हे मला या वयात कळलं.

आता खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. दारामागे माझी एक खुंटी आहे. आजींनी सांगितलंय, तुझी गादी कुणाला देणार नाही.

तिकीट काढलंय, जाण्याचं आणि येण्याचंही. बावीस तारखेला निघते. बसने दोन दिवस, मग विमान. तुझ्याकडे चोवीसच्या रात्री किंवा पंचवीसच्या सकाळी पोचेन. वाटेत बर्फ असलं तर उशीर होईल, त्याची मला धास्ती आहेच. मी पोचेपर्यंत बाळाला जरा थांब म्हणून सांग. कळा सुरू झाल्याच, तर माझी वाट बघत अंगावर काढू नकोस, लगेच दवाखान्यात जा. मी तिथं येईन.

तुला माहेरी यायचं होतं. या खेपेला माहेर तुझ्याकडे येतंय. बाबांचा चष्मा आणि मोठी कढई बरोबर आहे.

दार उघडं ठेव.

तुझी,
परतीचं तिकीट असलेली,
आई